तुम्ही केलं तसंच

भागुबाई तीन आठवड्यांनी परत आली तेव्हा मी सकाळपासूनची अकरावी स्प्लिंट कापत होते. माझ्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडला होता, पाठ भरून आली होती आणि इंटर्नशिपचे सत्तेचाळीस दिवस बाकी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं त्याचं कारण शोधत बसायला नको. कारण थकवा. सबब म्हणून तो पुरत नाही, हे मलाही कळतं.

मी मोहिनी, सिन्नरची. ऑक्युपेशनल थेरपी शिकते. विषयाचं नाव सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे फिजिओ ना? नाही म्हटलं तर विचारतात, मग मालिश का? माझ्या मामांची चार वर्षं अशी समजूत आहे की मी लोकांना नोकऱ्या लावून देते. दर दिवाळीला ते त्यांच्या मुलाचा बायोडाटा माझ्या हातात ठेवतात आणि मी तो घेते, कारण समजावून सांगायचा आता कंटाळा आलाय.

खरं तर सांगायला सोपं आहे. आजारपणात किंवा अपघातात ज्याचं रोजचं करणं सुटलं, त्याला ते पुन्हा करता यावं म्हणून आम्ही असतो. जेवणं, वेणी घालणं, विळीवर बसणं, दाराची कडी लावणं. माणूस काहीतरी करत राहिला तर बरा होतो, असं पहिल्या वर्षी पहिल्याच तासाला कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं. मला ते इतकं पटलं होतं की घरी जाऊन आईलाही ऐकवलं. आई भांडी घासत होती. म्हणाली, मग मी तर कधीच आजारी पडायला नको.

आता शेवटचे सहा महिने मी नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात, हाताच्या विभागात होते. सकाळी नऊ ते साडेचार स्प्लिंटी करायच्या. समोर एक हात येतो, त्याचं माप घ्यायचं, तो हात जातो, पुढचा येतो. फॉर्मवर रुग्ण काय काम करतो हा रकाना असतो. तिथे मी ‘शेती’ किंवा ‘घरकाम’ लिहून मोकळी होत असे. सुरुवातीला चार-चार ओळी लिहायचे. तेव्हा ललित, माझा बरोबरचा इंटर्न, मला हसायचा. महिन्याभरात त्याचं हसणं थांबलं, कारण मी लिहिणं थांबवलं.

भागुबाई पहिल्यांदा आली ती नोव्हेंबरात. पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची, वय पंचेचाळीसच्या आसपास. भात कापताना विळा डाव्या हाताच्या दोन बोटांच्या मुळाशी खोल गेला होता. बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या असतात, आम्ही त्यांना टेंडन म्हणतो आणि सगळं जग नस म्हणतं. मधल्या बोटाची आणि अनामिकेची अशा दोन्ही तुटल्या होत्या. आमच्या सर्जन सरांनी त्या शिवल्या. शिवलेली नस सहा आठवडे जपावी लागते. मनगट आणि बोटं आतल्या बाजूला वाकलेली ठेवायची. चुकून सरळ ताणली गेली की शिवण सुटते. म्हणून हाताच्या पाठीवर कडक प्लास्टिकचं एक वाकडं झाकण बसवायचं. तीच स्प्लिंट.

ती करायची पद्धत अशी. प्लास्टिकचा पत्रा मापाने कापायचा आणि गरम पाण्याच्या ट्रेमध्ये सोडायचा. मिनिटभरात तो लाटलेल्या पोळीसारखा लिबलिबीत होतो. फडक्यावर टिपून रुग्णाच्या हातावर ठेवायचा, तळव्याने दाबून आकार द्यायचा आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचा. गार झाला की कडक. मग पट्टे चिकटवायचे.

भागुबाईचा नवरा बारकू शेजारी उभा राहून हे बघत होता. बारीक अंगाचा, पांढऱ्या टोपीचा, अगदी कमी बोलणारा माणूस. मी पाण्यात पत्रा सोडला तेव्हा तो वाकला, मी दाबला तेव्हा पुढे सरकला. माझं काम इतकं लक्ष देऊन आजवर कोणी बघितलं नव्हतं. परीक्षकसुद्धा मोबाइल बघत असतात. मला बरं वाटलं, हेही खरं.

मग मी सूचनांचा कागद वाचून दाखवला. तो कोणीतरी इंग्रजीवरून मराठीत आणलेला आहे आणि वर्षानुवर्षं त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स निघतात. ‘स्प्लिंट उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ठेवू नये.’ ‘स्प्लिंट भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये.’ बारकू प्रत्येक ओळीला मान हलवत होता. त्यांच्या पाड्याकडे जाणारी जीप ओहोळाच्या अलीकडेच थांबते आणि पुढे चालत जावं लागतं, हे त्याने थोड्याच वेळापूर्वी मला सांगितलं होतं. तरी मी ती दोन्ही वाक्यं जशीच्या तशी वाचली. तोंड वाचत होतं, डोळे घड्याळावर होते.

घाम येतो म्हणून दिवसातून एकदा स्प्लिंट काढून पुसायची असते. तेवढं मी बारकूला करून दाखवलं. तिचा हात उशीवर असाच वाकलेला ठेवायचा, आपण काढायची, पुसायची, लगेच बांधायची. बोटं आतल्या आत हळूच वाकवायचा व्यायामही शिकवायचा असतो. तो नाही शिकवला. त्याला वीस मिनिटं लागतात, आणि मनात आलं, ह्याच्याकडून उगाच काहीतरी चुकायचं, त्यापेक्षा नकोच. दर आठवड्याला तपासायला बोलवायचं असतं. लांबचे आहेत असं म्हणत तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. टाके तिकडच्या आरोग्य केंद्रात काढा म्हटलं. ‘सूचना समजावून सांगितल्या’ या ओळीपुढे बरोबरची खूण केली, भागुबाईच्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि पळत जाऊन सिन्नरची बस पकडली.

आता डिसेंबरात ती पुन्हा समोर बसली होती, दिलेल्या तारखेला, दिलेल्या वेळेच्या तासभर आधी. हातावर जे होतं त्याला स्प्लिंट म्हणणं कठीण होतं. वाकडेपणा जाऊन ते उलथन्यासारखं सपाट झालं होतं. चिकटवलेले पट्टे सुटून गेले होते आणि त्यांच्या जागी जुन्या लुगड्याच्या चिंध्या नीट, सारख्या अंतरावर बांधल्या होत्या. मी मूठ मिटायला सांगितली. तीन बोटं वळली. मधलं आणि अनामिका सरळच राहिली.

चार दिवसांपूर्वी पहाटे अंथरुणातून उठताना हातात टक् झालं, असं भागुबाईने सांगितलं. मग लगेच का आला नाहीत, असं मी विचारलं, आणि आवाज चढवूनच विचारलं. तिने माझ्याच अक्षरातला तारखेचा कागद पुढे केला.

मनीषा मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. नऊ वर्षं त्या तिथे आहेत आणि त्यांच्या बरोबरीच्या दोन जागा रिकाम्या आहेत. त्यांनी हात उलटसुलट करून बघितला, स्प्लिंट बघितली आणि थकल्या आवाजात मला म्हणाल्या, काढून टाकत असणार, पाण्यात कामं केली असणार, लिही. मी लिहिलं. रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत. इंग्रजीत हे चार शब्दांत बसतं. लिहायला पाच सेकंद लागले. भागुबाईला मी काहीच विचारलं नाही. मॅडमनी खाली सही केली आणि मावशी फाईल घेऊन वर गेल्या.

वर म्हणजे सर्जन सरांकडे. त्यांचा नियम सगळ्या वॉर्डाला माहीत आहे. तुटलेली शिवण ते पुन्हा शिवतात, पण ज्याने सांगितलेलं पाळलं त्याचीच. ऑपरेशनचं टेबल एक आणि रांग मोठी, तेव्हा नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्यात ही शिवण आठवड्याभराच्या आत घातली तरच उपयोग असतो. उशीर झाला की तुटलेली टोकं मागे सरकतात, आखडतात आणि मग बोटं कायमची तशीच. चार दिवस गेले होते. भागुबाईची बोटं पुन्हा वाकणार की नाही हे आता मी लिहिलेल्या चार शब्दांवर होतं, आणि ते मला लिहितानाही ठाऊक होतं.

सर काय ते ठरवतील, तोवर हाताला तात्पुरतं काहीतरी हवं म्हणून मॅडमनी नवी स्प्लिंट करायला सांगितली. मी ट्रे तापत ठेवला. हात मोकळे होते म्हणून म्हणा, किंवा लाज वाटली म्हणून म्हणा, मी भागुबाईला विचारलं की डाव्या हाताने ती काय काय करते. तीन आठवड्यांपूर्वी विचारायचा प्रश्न. ती म्हणाली की भाताची मूठ डाव्याच हातात धरतात. भात झालं की टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षं काढायला जातात. उजव्या हाताने देठ कापायचा आणि घड डाव्या हातावर अलगद झेलायचा, मण्यावरची पांढरी भुकटी पुसली जाता कामा नये. ती सांगत होती आणि डाव्या हाताने झेलून दाखवत होती. दोन बोटं खालून येतच नव्हती.

पाणी तापलं. मी पत्रा सोडला, मिनिटाने चिमट्याने उचलला. तो लोंबायला लागला. भागुबाई नवऱ्याकडे वळून अगदी साधेपणाने म्हणाली, “बघा, हिचा किती नरम होतो. आपला येवढा नाय व्हायचा.”

मी विचारलं, आपला म्हणजे?

बारकू सांगायला लागला. त्याला वाटलं मी परीक्षा घेते आहे, म्हणून तो सावरून उभा राहिला. तो रोज उजाडायच्या आधी उठायचा. चूल पेटवायचा, पातेल्यात पाणी ठेवायचा. बायकोचा हात धान्याच्या गोणीवर, मी दाखवला होता तसा, वाकलेला ठेवायचा. पट्टा काढायचा. स्प्लिंटला ती दोघं पट्टाच म्हणत होती. कोरड्या फडक्याने पुसायचा. मग गरम पाण्यात सोडायचा, थोडा नरम झाला की टिपायचा, तिच्या हातावर ठेवायचा आणि गार होईपर्यंत दोन्ही तळव्यांनी दाबून धरायचा. पहिल्या आठवड्यात चिकटवलेले पट्टे सुटले, तर त्याने चिंध्या बांधल्या. थंडी फार, पण एक दिवस चुकवला नाही. भागुबाई मध्ये बोलली की इतक्या दिवसांत त्याने तिला पाण्याचा हंडाही उचलू दिला नाही, भाकरीसुद्धा जाऊबाईने केली.

“तुम्ही केलं तसंच केलं, ताई,” बारकू म्हणाला. “काय चुकलं का?”

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू. वाटलं, कोणी सांगितलं होतं तुम्हाला एवढं डोकं चालवायला. मग कळलं की त्याने डोकं चालवलंच नव्हतं. त्यांच्याकडे काम असंच शिकतात, बघून. रोप लावायचं कसं, कौल चढवायचं कसं, हे कोणी कागदावर वाचून दाखवत नाही. जाणत्या माणसाच्या हाताकडे बघायचं आणि हात करतात तसं करायचं. त्या दिवशी खोलीतली जाणती मी होते. मोटार आणि भांड्यांचं यंत्र त्याने मान हलवून सोडून दिलं आणि माझे हात लक्षात ठेवले. उष्णतेने प्लास्टिकचा आकार जातो, घरी ते कधी गरम करायचं नाही, हे एक वाक्य मी बोलले नव्हते. माझ्या दृष्टीने ते इतकं उघड होतं की सांगण्यासारखं वाटलंच नाही.

चिमट्यातला पत्रा गार होऊन वेडावाकडा कडक झाला होता. मी तो पुन्हा पाण्यात टाकला. कशीबशी स्प्लिंट पूर्ण केली आणि त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

ललितला सांगितलं. तो वाईट मुलगा नाही. त्याने शांतपणे हिशेब मांडला की फाईल वर गेली आहे, त्यावर मॅडमची सही आहे, माझे सत्तेचाळीस दिवस राहिले आहेत आणि त्यानंतर मॅडमच्या सहीवरच माझं प्रमाणपत्र अडकलेलं आहे. तुझं म्हणणं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला की माझं म्हणणं असं काही नाही, मला फक्त घरी जाऊन झोपायचंय. मलाही तेच हवं होतं. आमच्या बॅचमधल्या सगळ्यांना गेले चार महिने तेवढंच हवं आहे.

मग मॅडमकडे गेले. त्या डबा खात होत्या, तीन वाजता. मी सगळं सांगितलं, बसचंसुद्धा. त्यांनी पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला. मग म्हणाल्या की तो कागद बदलायचा असं त्या पाच वर्षं म्हणताहेत. आणि फाईलवर लिहिण्याआधी भागुबाईला विचारायचं त्यांनाही सुचलं नाही. तू आता वर गेलीस तर सर मला बोलावतील, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, मग नको जाऊ का? त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“जा,” त्या म्हणाल्या. “पण सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन मोठी होऊ नकोस. खाली सही माझी आहे, ते पण सांग.”

सर्जन सर वॉर्डाच्या टेबलापाशी उभे राहून फाईली बघत होते. भागुबाईची फाईल त्यांनी बाजूला ठेवलेली मला लांबूनच दिसली. नाकारलेल्यांची थप्पी होती ती. मी नाव सांगितलं, कोण ते सांगितलं, आणि बारकूने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मी थांबल्यावर त्यांनी वर बघितलं.

“गरम करू नका, असं तुम्ही सांगितलं होतं?”

“नाही, सर.”

“मग समजावलं म्हणून खूण कशाला केली?”

“बस सुटत होती,” मी म्हटलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणं कसं सोसायचं ते आता आम्हाला येतं. त्यांनी फाईल ओढली, माझ्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि काहीतरी लिहिलं. परवा सकाळी घेतो म्हणाले, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, आणि घरच्यांना खोटी आशा देऊ नका, दुसऱ्यांदा शिवलेल्यांपैकी निम्म्याच नसा टिकतात. मग, तुमच्या कॉलेजला मला कळवावं लागेल, असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले. मी हो सर म्हटलं. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला जिना उतरताना गुडघे दुखताहेत एवढंच वाटलं.

खाली बाकावर ती दोघं होती, पण एकत्र नव्हती. भागुबाई एका टोकाला आणि बारकू दुसऱ्या टोकाला, टोपी हातात घेऊन. मधल्या काळात कोणीतरी त्यांना बाहेर सांगितलं होतं की तुम्ही नीट पाळलं नाही म्हणून नस तुटली, आता पुन्हा घेतील का नाही सांगता येत नाही. भागुबाईने मला बाजूला बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली की बोटं जायची तर जाऊ देत, तीन बोटं राहिलीत, त्यांच्यावर भागवीन. पण टक् झालं त्या दिवसापासून हा माणूस धड जेवलेला नाही. पट्टा माझ्याच हातनं बिघडला म्हणतो. आता तर त्याला खातरीच झाली.

“मी सांगून दमले. माझं नाय ऐकत तो,” ती म्हणाली. “तुमचं ऐकल. तुम्ही सांगा त्याला.”

मी बारकूच्या शेजारी जाऊन बसले. परवा ऑपरेशन आहे हे आधी सांगितलं. मग म्हटलं, “काका, चूक तुमची नाही. माझी आहे. पट्टा घरी गरम करायचा नसतो आणि मी ते तुम्हाला सांगितलंच नाही. वर डॉक्टरांनाही मी तसंच सांगून आले.”

त्याने ऐकून घेतलं. टोपीची घडी घातली, उलगडली. मला वाटलं आता तो चिडेल, आणि चिडला असता तर मला बरंच वाटलं असतं. पण तो माझी समजूत काढायला लागला. तुम्ही तर नीटच बसवला व्हता, म्हणाला, पहिल्या दिवशी कसा ताठ व्हता, आमच्याच हाताला तुमच्यासारखं वळण नाय. आणि मग अगदी गंभीरपणे त्याने विचारलं, “या टायमाला पाणी किती तापवायचं, तेवढं मला नीट दाखवा.”

मी डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अजिबात तापवायचं नाही. चुलीजवळ, शेकोटीजवळ, उन्हातल्या पत्र्यावर, कुठेच ठेवायचं नाही. या वेळी घरी काढायचाच नाही, दर आठवड्याला इथे यायचं, आम्ही काढू, आम्ही पुसू. यायचं कसं ते आपण बघू. तीनदा सांगितलं आणि तीनदा त्याच्याकडून म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा त्याने बरोबर सांगितलं आणि मग मान खाली घातली.

“मंग मी काय करू?” तो म्हणाला.

तीन आठवडे हा माणूस अंधारात उठून बायकोचा हात हातात घेत होता. तेवढंच त्याला करता येण्यासारखं होतं आणि ते मी आत्ता त्याच्याकडून काढून घेतलं होतं. शहाणपणाने, नियमाप्रमाणे. माणूस काहीतरी करत राहिला तर बरा होतो हे शिकायला मी साडेचार वर्षं घालवली आणि या माणसाला काय करायला देता येईल हा विचार माझ्या मनाला एकदाही शिवला नाही.

म्हटलं, काम आहे, आणि पहिल्यापेक्षा अवघड आहे. पट्टा हातावर असतानाच तिची बोटं एकेक करून तळव्याकडे वाकवायची. बोटाला जोर लावू द्यायचा नाही, आपणच वाकवायचं. मग सोडायचं, ते आपोआप पट्ट्याला टेकतं. तिथून पुढे ओढायचं नाही, काही झालं तरी. एका बोटाला दहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून. तो म्हणाला, दाखवा. मी म्हटलं, या वेळी मी नाही दाखवणार, तुम्ही करायचं, माझ्या हातावर.

मी माझा डावा हात वाकवून त्याच्या मांडीवरच्या टोपीवर ठेवला. भागुबाई जवळ सरकली. बारकूने धोतराला हात पुसले आणि माझं मधलं बोट दोन बोटांत धरलं. त्याची बोटं लाकडासारखी खरखरीत होती, भेगाळलेली, एका नखाचा तर पत्ताच नव्हता. पण पकड इतकी हलकी की मला दोनदा सांगावं लागलं, थोडं आणखी वाकवा, आणखी, हं, आता सोडा. परीक्षेत माझ्या हाताला इतकी चांगली पकड कधी जमली नव्हती. तो ओठातल्या ओठात मोजत होता. दहा झाल्यावर थांबला.

“हिला दुखलं तरी ही सांगायची नाय,” तो म्हणाला. “बोट कापलं तवा बी नाय बोलली. मंग मला कळल कसं?”

“बोटाकडे बघायचं नाही,” मी म्हटलं. “तोंडाकडे बघत राहायचं. दुखलं की तिथे आधी दिसतं.”

त्याने मान हलवली. माझी अनामिका धरली, आणि सांगितलेलं तंतोतंत पाळायची सवय असल्याप्रमाणे नजर उचलून थेट माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. बोट निम्मंही वाकलं नव्हतं, तोच त्याने ते सोडून दिलं. दुखत नाही काका, दुखत नाही, करा पुढे, असं मी त्याला दोनदा सांगितलं, पण तो काही हात लावायला तयार होईना.